व्यक्तिशः ओळखतात

१९ डिसें., शुक्र. येळवस.

यंदा येळवशीला (वेळ अमावस्या, शेतातली पूजा) माहेरचा फोन नाही. लग्नाला एकतीस वर्षं झाली, असं कधी झालं नव्हतं. आधी वाटलं, अव्वा, म्हणजे आई, आजारी असेल. मग वाटलं, तम्मा विसरला. (धाकटा भाऊ, शिवानंद. पंचेचाळिशी आली तरी मला तम्माच.) म्हटलं, आईच्या शेतात जायला बोलावणं कशाला लागतं, आणि आंबील, भज्जी बांधून सकाळच्या एसटीनं गेले. हे घरीच. ऑपरेशनला दोन महिने झाले, तरी जिना उतरायला घाबरतात.

शेतात कुणी नाही. पाच पांडवांचे दगड मांडलेले नाहीत, पूजा नाही. बांधापलीकडून मल्लव्वाकाकूंनी हाक मारली, जेवायला बसवलं. म्हणाल्या, "महानंदा, तू नाव कमी करून दिलंस म्हनं की. लई बरं केलंस. भनीनं असंच असावं बघ."

कुठलं नाव, विचारलं. त्या भज्जी वाढायला लागल्या.

गावातल्या घराला कुलूप. दोघं देवाला गेलेत म्हणे. येळवशीच्या दिवशी शेतकरी गाव सोडून देवाला जातो, हे मी पहिल्यांदाच ऐकलं. आंबिलीचा डबा तसाच परत आणला. एसटीत सांडली थोडी.

२० डिसें.

ह्यांनी मोबाइलवर सातबारा काढला. अप्पा गेल्यावर तिघांची नावं लागली होती. अव्वानं तिचा हिस्सा मागेच तम्माला दिला, म्हणजे राहिलो आम्ही दोघं. आता खाली लिहून आलंय: फेरफार प्रलंबित. हक्कसोडपत्र. दस्त ५ डिसेंबरचा.

हे म्हणाले, "तू कधी गेली होतीस सही करायला?"

मी कधी गेले होते!

वहीतली मागची पानं उलटली. ५ डिसें.: "लग्नाची ऑर्डर, दोनशे कडक भाकरी. कमळा आली नाही. पाठ गेली. संध्याकाळी अव्वाचा फोन. जेवलीस का. हो म्हटलं, जेवले नव्हते."

एवढंच.

२१ डिसें.

तम्मा फोन उचलत नाही. बावीस वेळा लावला. हे म्हणाले, त्याच्यापेक्षा दस्ताची नक्कल काढ. मी म्हटलं, चुकून दुसऱ्या कुणाचं नाव लागलं असेल. सरकारी काम आहे, होतं असं.

२२ डिसें., सोम.

रजिस्ट्री ऑफिस. (यापुढे र. ऑ., हात दुखतो.) खिडकीतला म्हणाला, अर्ज समोरच्या झेरॉक्सवाल्याकडून लिहून आणा. झेरॉक्सवाला म्हणाला, "मावशी, साधी का कलर?" मी म्हटलं, साधी. नक्कल ती नक्कल, रंगीत करून काय देव्हाऱ्यात लावायचीय? त्यानं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी गावाकडनं पहिल्यांदाच आले.

दुपारी चारपर्यंत बसले. सर्व्हर डाऊन.

२३ डिसें.

सर्व्हर डाऊन. माझ्यानंतर आलेले तिघं नक्कल घेऊन गेले.

२४ डिसें.

सर्व्हर. ऑर्डर कमळावर टाकून गेले होते, तिनं भाकरी कच्च्या काढल्या. हॉटेलवाल्याच्या शिव्या खाल्ल्या.

२६ डिसें., शुक्र.

बाकावर शेजारी सांगोल्याची एक बाई होती. माझी कथा ऐकून तिनं कपाळावर हात मारला. "अवो ताई, कलर म्हना की! कलर म्हंजी आतल्यांचं धरून. साधी म्हनलं की सर्व्हर पडतोय." पदरानं तोंड झाकून हसली, तशी मीही हसले. काय करणार.

झेरॉक्सवाल्याकडं गेले आणि म्हटलं, कलर. आयुष्यातली पहिली लाच. भाकरीचे पैसे होते. अर्ध्या तासात सर्व्हर उठून उभा राहिला. नक्कल आली ती काळी-पांढरीच.

ऑफिसच्या पायरीवर बसूनच वाचली.

लिहून देणार: माझं नाव, माझं वय, माझ्या आधार कार्डाचा नंबर. अप्पांच्या वारसनोंदीला झेरॉक्स दिली होती, तीच असणार. नावापुढं फोटो. डोक्यावर पदर घेतलेली, माझ्याच वयाची कोणीतरी. गाल बसलेले. अंगठा तिचा. सही मराठीत, शाळेतल्या पोरीसारखी गोल, "महानंदा".

मी मराठीत सही करत नाही. सातवीपर्यंत कन्नड शाळा. लग्नानंतर बाकी सगळं मराठीत लिहायला शिकले, ही वहीसुद्धा मराठीत, पण सही शाळेतलीच राहिली. बँकेत, पासबुकात, सगळीकडं कन्नड. आमच्या घरचं माणूस ही चूक करणार नाही. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! म्हटलं, बघा, बाहेरच्या कुणीतरी केलंय. तम्माला पण फसवलंय. आता जाऊन त्याला सांगते.

मग पान उलटलं. "खालील इसम असे निवेदन करतात की ते दस्तऐवज करून देणाऱ्यांना व्यक्तिशः ओळखतात व त्यांची ओळख पटवितात."

खाली दोन फोटो. एक कुणी एजंट.

दुसरी अव्वा.

२७ डिसें.

काही नाही.

२८ डिसें., रवि.

गावी गेले. एकटी. हे येतो म्हणत होते, नको म्हटलं. तम्मा दारातच होता, पळायला जागा नव्हती. नक्कल पुढं धरली. त्यानं ती हातात पण घेतली नाही.

"अक्का, तू न्हाय म्हनली नसतीस, मला म्हाईत हाय की."

"मग विचारलं का नाहीस?"

सोलरवाल्यांना जमीन भाड्यानं द्यायचीय. त्यांना उताऱ्यावर एकच नाव हवं, तेही तारखेच्या आत. "दाजींचं ऑपरेशन झाल्यालं. एजंट म्हनला, अक्कांना कशाला हेलपाटा. बाई आमची, साहेबाचं आमी बगतो. समदं पॅकेजमदी." पॅकेज म्हणाला. काशीयात्रेचं असतं तसं.

मी म्हटलं, एक फोन करायचास. दुसऱ्या दिवशी येऊन सही केली असती.

मग त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "आन इचारल्यावर तू हिस्सा मागितला असतास तर?"

जमिनीतला एक दाणा कधी मागितला नाही. नाव तेवढं राहू दे, असं मनात होतं, अप्पांच्या खाली. तेही समोर बसून मागितलं असतं तर देऊन टाकलं असतं. रडले असते, पण दिलं असतं. हे त्याला कळत नसेल तर मी एवढी वर्षं कुणाला राखी बांधत होते?

२८ डिसें., पुढं.

अव्वा आत चुलीपाशी होती. चहा टाकला होता, तो उतू गेला तरी तिचं लक्ष नाही. मी शेजारी बसले. मी विचारलं नाही, तिनंच सांगितलं. आम्ही कन्नडच बोलतो, इथं मराठीत लिहिते, म्हणून तिचा आवाज नीट उतरत नाही.

"साहेबानं मान वर केली न्हाय. इचारलं, ही कोन? म्या म्हनलं, ईकी नन्न मगळु. त्याला कन्नड येत न्हाय. एजंटनं सांगितलं, आपली पोरगी हाय म्हनतीया. मग अंगठा लावला."

ईकी नन्न मगळु. ही माझी लेक. शाळेत नाव घालताना मास्तरांना हेच म्हणाली होती. तेव्हा मी तिच्या लुगड्यामागं होते.

मग म्हणाली (माझी समजूत घालायलाच, हे मला कळत होतं), "बाहेर आल्यावर तिची वटी भरली. खण, नारळ, तांदूळ. तम्मा म्हनत हुता कशाला. म्या म्हनलं, हक्क सोडल्याली लेक रिकाम्या वटीनं जाऊ नये, घराला लागतं. साडी बी नेसवली. तुजी. दिवाळीला घेतल्याली, तू आली न्हाईस ती. हिरवी इरकल."

मला हसू आलं. खरंच आलं. मग थांबेना. अव्वा घाबरली, पाठीवरून हात फिरवायला लागली, म्हणाली, "गरीब हुती गं बाई. वाकून पाया पडली."

माझी सही दुसरीनं केली, ते मी सोसलं असतं. माझी ओटी दुसरीला गेली.

३० डिसें.

र. ऑ. हेही जिना उतरून सोबत आले. साहेबांना भेटलो. ह्यांनी आधी आवाज चढवला, साहेबांनी नाही. तिथं त्यांना सवय असणार. नक्कल उलटसुलट बघून शांतपणे म्हणाले, "बाई, तुमच्या आईंनीच ओळखलंय. आईपेक्षा मोठा पुरावा मी कुठून आणू?"

मी म्हटलं, आधारवर अंगठा का नाही तपासला? "मशीन त्या दिवशी बंद होतं."

बाहेर शिपाई मागं मागं आला. म्हणाला, ताई, मिटवून घ्या, मिटवायचं पण इथंच होतंय. झेरॉक्सवाल्याकडं बोट दाखवलं.

२ जाने.

वकील. भला माणूस दिसतो, चहा पाजला. म्हणाले, दोन गोष्टी आहेत. फेरफारावर लेखी हरकत आजच द्या, नोटिशीची मुदत संपत आलीय. आणि पोलिसांत फिर्याद.

"फिर्यादीत नावं कुणाची येतील?" हे.

"ती बाई सापडली तर ती. भाऊ. एजंट. आणि ओळख देणाऱ्या, म्हणजे आई. त्यांचं नाव तर कागदावरच आहे, फोटोसकट."

"आणि साहेब?"

"साहेब म्हणणार, मी ओळखदारावर विश्वास ठेवला. त्याचसाठी तर ओळखदार घेतात." वकील बोलताना माझ्याकडं बघत नव्हते.

म्हणजे खाल्लं त्यांनी आणि धरणार अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या म्हातारीला. ज्यानं मान वर केली नाही, तो सुटणार. मान वर केली असती तरी काय दिसलं असतं त्याला? दोन बायका, डोक्यावर पदर, एकमेकींचा हात धरलेल्या.

हरकत दिली. सही केली, कन्नडमध्ये. फिर्यादीचं बघू म्हटलं.

घरी आल्यावर हे म्हणाले, "अजून तुला तिची लेक व्हायचंय?"

तो काय माझ्या हातात आहे का विषय.

९ जाने.

झोप नाही, भूक नाही. भाकरी थापताना हात थांबतो. कमळा म्हणते, ताई, बसा थोडं. मला जमीन नको, हे मी ह्यांना सांगून थकले. मला एवढंच हवंय की अव्वानं कुणासमोर तरी माझ्याकडं बोट करून म्हणावं, ही. तेवढं म्हटलं की दस्त खोटा पडतो, आणि दस्त खोटा पडला की ती आणि तम्मा अडकतात. वकिलांनी समजावून सांगितलं मला, दोनदा. तिनं मला ओळखलं तर तिला तुरुंग, नाही ओळखलं तर मला आई नाही.

१४ जाने. संक्रांत.

गड्ड्याच्या जत्रेची गर्दी, ऑर्डर दुप्पट. बरं झालं. दुपारी अव्वाचा फोन वाजला, एकदाच, आणि बंद झाला. मी उलट लावला नाही. नंतर हात धुऊन लावला, तर स्विच ऑफ.

१९ जाने.

नोटीस आली. हरकतीची सुनावणी ३ फेब्रुवारीला, मंडल अधिकाऱ्यांसमोर. ओळख देणाऱ्यांनाही बोलावलंय.

२६ जाने.

तम्मा आला होता. आत आला नाही, गेटपाशी उभा. "अक्का, हरकत माघारी घे. अव्वाला हितं-तितं फिरवायचं वय हाय का?" मी म्हटलं, तूच फिरवलंस. रडायला लागला. खरं रडत होता, मला त्याचं रडणं कळतं, मी वाढवलंय त्याला. जेवून जा म्हटलं. नाही थांबला. हे वरून खिडकीतून बघत होते.

३ फेब्रु., मंगळ.

गेलो. खोली लहान, खुर्च्या कमी. अव्वाला बसवलं, आम्ही उभे. तम्मा तिच्या उजव्या हाताला, मी समोर, मधे टेबल. पांढरं लुगडं नेसली होती, ठेवणीतलं. मी तिच्याकडं एकटक बघत होते. ती टेबलाच्या पायाकडं.

अधिकारी तरुण होता, चांगला बोलत होता. दस्तातला फोटो आणि मी, दोन्हीकडं त्यानं नीट बघितलं, हे लिहायला हवं. मग म्हणाला, "आजी, समोर उभ्या आहेत त्या बाई कोण? ओळखता का?"

तम्माचा हात तिच्या खुर्चीच्या पाठीवर होता. मी आतल्या आत म्हणत होते, सांग. आणि त्याच वेळी, नको सांगूस अव्वा. दोन्ही मीच म्हणत होते.

अव्वानं मान वर केली. सरळ माझ्याकडं. मग म्हणाली, "दिसत न्हाय साहेब. डोळं गेल्यात माजं."

अधिकाऱ्यानं पेन खाली ठेवलं. तम्मानं भिंतीकडं तोंड केलं. पुढची तारीख १७. वकील माझ्या कानात म्हणाले, छान, नेत्रतपासणीचा दाखला मागू, तिथंच धरतो त्यांना.

बाहेर मी चपला शोधत होते, सापडेनात. अव्वा पायऱ्यांवर, तम्मा गाडी आणायला गेलेला. दहा-बारा पावलं असतील मधे. तिथूनच म्हणाली, "एष्ट सोरगीदि." किती वाळलीस. मग एकटी दोन पायऱ्या उतरली, जवळ आली, आणि अंगठ्याला थुंकी लावून माझं फिसकटलेलं कुंकू नीट केलं, शाळेत पाठवताना करायची तसं. गाडी आली. ती बसून गेली.

वकिलांचा आत्ता फोन येऊन गेला, दाखल्याच्या अर्जावर उद्या सही करायला या म्हणून. येते म्हटलं. अव्वाला दिसतं, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही, ह्यांनासुद्धा.