घाटकोपरच्या तळ्याचं गाऱ्हाणं

घाटकोपर पूर्व,
वैशाखातला शेवटचा रविवार

तीर्थस्वरूप राजारामदादांच्या चरणी धाकट्या धोंडूचा दंडवत. (एरवी मी तुम्हांला अरे-तुरे करतो हे खरं. पण या पत्रात तुम्हीच म्हणणार आहे, कारण घडलेली गोष्ट अरे-तुरे करून सांगण्याजोगी नाही.)

तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींनी सांगितलेलं तेल लावता की नुसतंच खिडकीत ठेवता? काजू यंदा बरे आले असं ऐकलं. फणसाचं काय झालं ते कुणी सांगत नाही, म्हणजे माकडांनी नेले असणार. रत्नप्रभावहिनींना माझा नमस्कार सांगा, पण हे पत्र त्यांच्यासमोर वाचू नका. फोन करायचा सोडून पत्र का लिहितोय, त्याचंही कारण वहिनीच आहेत. माझा फोन आला की त्या स्पीकर लावतात आणि मग अख्खी वाडी पडवीत येऊन बसते. शिवाय फोनवर तुमचं ते ‘हां, बोल’ ऐकलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते. आमची सर्वांची प्रकृती तशी ठीक आहे. फक्त मला झोप नाही, भूक नाही, दाराची कडी वाजली की छातीत धस्स होतं आणि पाल चुकचुकली की मी तुमच्या भावजयीच्या, शेवंतीच्या मागे जाऊन उभा राहतो. बाकी सगळं क्षेम.

तर झालं असं. आमच्या दोन इमारतींच्या मधलं मैदान तुम्ही पाहिलेलं आहे. तिथेच आपला सत्यनारायण होतो, होळी पेटते, पोरं आमच्या खिडक्या फोडतात आणि वर्षातून एकदा गावचे दशावतारी येऊन रात्रभर राक्षस मारतात. या मैदानाच्या जागी पावसाचं पाणी साठवायला तळं खणायचं, अशी एक टूम निघाली. आपला विभाग पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत कसा टिकेल, ते रहिवाशांनीच ठरवावं, म्हणून कुठल्याशा संस्थेने पालिकेच्या लोकांना बरोबर घेऊन सभा ठेवली. तळ्यासाठी जागा दोन: एक आमचं मैदान, दुसरी पलीकडच्या टॉवरमागची मोकळी जागा, जिथे टॉवरवाले गाड्या लावतात. आमचा सेक्रेटरी नितेश (दुसऱ्या मजल्यावरचा, देवगडकडचा, आवाज असा की फोन नसता तरी चाललं असतं) घरोघर फिरून सांगून गेला, सगळ्यांनी यायचं, कुणी काही बोलायचं नाही, विचारलं की एकच शब्द म्हणायचा, नको. मला तर त्याने बजावूनच सांगितलं, कारण तळमजल्यावर राहणारा माणूस कसा वागेल याचा भरवसा नसतो, असं त्याचं मत आहे. मी म्हटलं, नको म्हणायला मला कसली भीती? आयुष्यभर टेलिफोनच्या खांबावर चढलो. (खांबाचं एक बरं असतं, तो प्रश्न विचारत नाही.)

सभा शाळेच्या हॉलमध्ये होती. मला वाटलं, एक माणूस बोलेल, आपण डुलक्या घेऊ, चहा पिऊन घरी येऊ. तिथे बघतो तर खुर्च्या गोल मांडलेल्या! गोलात बसलं की मागे लपायला जागाच राहत नाही, दादा. जमिनीवर खाटेएवढा नकाशा पसरलेला. त्यावर आपली वस्ती, पलीकडे कचऱ्याचं देवनार, त्याच्याखाली अणुभट्टीचं ट्रॉम्बे. इतकी वर्षं इथे राहून ट्रॉम्बे इतकं जवळ आहे हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. नकाशावर माझ्या चपलेपासून वीतभर अंतरावर दिसलं तेव्हा मी चप्पल मागे घेतली. देवनार जवळ आहे हे ठाऊक होतं, वारा फिरला की नाक सांगतं. मग मृणालिनी नावाच्या एक बाई पुढे आल्या. नियोजनाचं शिकलेल्या, पार्ल्याच्या, बोलणं इतकं गोड की नाही म्हणताना आपल्यालाच लाज वाटावी. त्या म्हणाल्या, सगळ्यांनी डोळे मिटा आणि आपला विभाग सन दोन हजार पन्नासमध्ये कसा दिसतो ते पाहा. मी मिटले. मला भिंतीवर माझा फोटो दिसला, हार घातलेला, आणि हारही प्लॅस्टिकचा. मी घाईघाईने डोळे उघडले. बाकीच्यांचे मिटलेलेच होते, नितेश तर हसत होता. त्याला बहुतेक पार्किंग दिसलं असावं.

त्यानंतर त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवून सगळं समजावून सांगितलं. तळं म्हणजे बारमाही डबकं नव्हे. खोलगट जागा, पायऱ्यापायऱ्यांची. जोराचा पाऊस लागला की रस्त्यावरचं पाणी तिथे उतरेल, हळूहळू मुरेल, बाकीचे आठ महिने पोरांना खेळायला मोकळी. आमच्या बाजूने कुणीतरी डासांचं विचारलं, कुणी मूर्ती विसर्जनाचं विचारलं, नितेशने दशावतार कुठे करायचा ते विचारलं. टॉवरचे अनिरुद्धसाहेब मात्र काहीच विचारत नव्हते. ते आमच्या मैदानाकडे बोट दाखवून नुसते मंद हसत होते. उकाड्याने आधीच घाम फुटला होता, त्यात पंखे थांबले होते की माझं काळीज, सांगता येत नाही. आणि नेमक्या त्या वेळी मृणालिनीबाई चालत चालत माझ्यासमोर आल्या आणि माईक माझ्या हातात दिला. म्हणाल्या, काका, तुम्ही इथले सगळ्यांत जुने, मोकळेपणाने बोला.

दादा, मोकळेपणाने! मी माईक आधी कानाला लावला, टेलिफोनची सवय. सगळा हॉल माझ्याकडे बघतोय. नितेश लांबून ओठांनी ‘नको, नको’ करतोय. मला तो शब्द आठवेना! दोन अक्षरांचा शब्द, पण गेला कुठे कोण जाणे. भीतीने माणूस लहानपणात जातो म्हणतात. मी गेलो तो थेट आपल्या देवळाच्या सभामंडपात. बाबा पुढे उभे, हातात नारळ, तुम्ही त्यांच्या उजव्या हाताला, मी खांबामागे. आणि माझ्या तोंडून बाबांचाच आवाज निघाला. म्हटलं, “बा देवा रवळनाथा, बारा गावच्या म्हाराजा! आज ही तुझी लेकरां हय जमली हत...”

आणि मागून आवाज आला, “व्हय म्हाराजा!”

आता तुम्हीच सांगा, अर्धा हॉल कणकवली, कुडाळ, मालवण, देवगडचा. त्यांच्यापुढे कुणी या चालीत काहीही म्हटलं तरी त्यांचं तोंड उघडणारच. ते काही विचार करून बोलत नाहीत. शिंक आल्यासारखं ते येतं. मी थांबायला हवं होतं. पण एकदा ‘व्हय म्हाराजा’ आलं की पुढची ओळ सांगावीच लागते, नाहीतर देव उभाच राहतो, हे तुम्हीच मला शिकवलंत. आणि सुचेना काही, म्हणून समोरच्या पडद्यावर जे दिसत होतं ते वाचत गेलो. म्हटलं, “ह्या मैदानात तळां होऊंदे, दरसालचा पाणी थय जाऊंदे, कोणाच्या चुलीत पाणी शिराक नको रे म्हाराजा!” (पडद्यावर चूल कुठे होती, असं शेवंती मला नंतर विचारत होती. मी म्हटलं, चित्रात असेल.) यावर जो “व्हय म्हाराजा” झाला, तो हॉलच्या पत्र्यावर आदळून परत आला. त्यात सगळ्यांत मोठा आवाज नितेशचा होता. हात जोडलेले, डोळे मिटलेले. अनिरुद्धसाहेबांना यातलं काही कळलं नव्हतं, पण त्यांनीही म्हटलं.

मृणालिनीबाईंच्या डोळ्यांत पाणी. म्हणाल्या, इतकी वर्षं सभा घेतेय, लोकांनी आपल्या भाषेत, आपल्या परंपरेतून, एकमुखाने भविष्य मागितलेलं आज पहिल्यांदा पाहिलं. पालिकेच्या साहेबांनी तिथल्या तिथे लिहून घेतलं, मैदानावरील तळ्यास रहिवाशांची एकमताने संमती. शिवाय कुणीतरी मोबाइलवर माझं चित्रण केलेलं आहे. ते इतकं फिरतंय की तुमच्यापर्यंत आलंच असेल. आलं असेल तर दादा, ते खोटं आहे असं समजा आणि हे पत्र खरं समजा. नाहीतर उलट समजा, जे तुम्हांला कमी रागावायला लावेल ते.

माझ्या भीतीचं मूळ हे आहे. देवापुढे सगळ्यांच्या वतीने गाऱ्हाणं घालायचा मान तुमचा. बाबांच्या पाठी तो थोरल्याकडे आला आणि तुम्ही हयात असताना, ठणठणीत असताना (गुडघा सोडून), मी तो घाटकोपरात, चप्पल घालून, प्लॅस्टिकच्या खुर्चीसमोर उभा राहून वापरला. देवाने कुणाचं म्हणून ऐकावं? मी देवाला भितो, कारण त्याने ऐकलं असेल. पालिकेला भितो, कारण तिनेही ऐकलं. (आजवर या दोघांनी माझं कधी काही ऐकलेलं नाही. एकदम दोघांनीही ऐकावं, हे कसलं लक्षण?) त्याच आठवड्यात देवापुढे फोडलेला नारळ नासका निघाला, आणि दुसऱ्या दिवशी पालिकेची माणसं मोजायची टेप घेऊन मैदानात आली. नारळाने मी घाबरलो, टेपने अंथरूण धरलं.

परवा सोसायटीची बैठक झाली. मी शेवंतीला म्हटलं, मला ताप आहे असं सांग. तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला आणि सरळ पाठवून दिलं. मला वाटलं, आता आपली वाट लागली, हे लोक मला मैदानातच पुरून वर तळं खणणार. पण तसं झालं नाही, झालं त्याहून भयंकर. कुणीच ओरडेना. नितेश म्हणाला, संमती मागे घेऊ, आपण एक पत्र देऊ, त्यावर सगळ्यांनी सही करा. सही करायला कुणी पुढे येईना. एकदा रवळनाथापुढे ‘व्हय’ म्हणून बसल्यावर आता ‘नाय’ कोण म्हणणार? मग कुणाच्याही घरात काही वाईटसाईट झालं की ते सही करणाऱ्यावर येणार. शेवटी ठरलं, उलटं गाऱ्हाणं घालून देवाकडूनच सुटका मागावी. मग शोध सुरू झाला, गाऱ्हाणं घालायचा मान कुणाकडे आहे. आणि तेव्हा सगळ्यांना कळलं, दोन्ही इमारतींत एकाकडेही नाही! थोरला मान घेऊन गावी राहतो, मुंबईला येतो तो धाकटा. आम्ही सगळे धाकटेच इथे एकावर एक रचून राहिलो आहोत. नितेशच्या हातातलं पेन त्याच्याच हाताने खाली ठेवलं गेलं. मला म्हणाला, “धोंडूकाका, घोळ तुम्ही घातला ना, आता तुमच्या दादांना विचारा. ते म्हणतील ते.” त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. नितेशला घाबरलेला मी पहिल्यांदा पाहिला, आणि त्याने माझी उरलीसुरली हिंमतही गेली.

तेव्हा दादा, तुम्ही मला काय शिक्षा द्यायची ती द्या. यंदा जत्रेला मला रांगेत शेवटी उभं करा, प्रसाद देऊ नका. पण माझ्या नावाने एक नारळ ठेवून देवाला सांगा, पोर चुकलं, त्याला पदरात घे. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि मधल्यांनी माझ्यासारखं काही करू नये.

तुमचा अपराधी भाऊ,
धोंडू

ता. क. नुसत्या माफीने इथलं कुणी ऐकणार नाही. सोसायटीचं म्हणणं आहे की देवळात मूर्तीला पाकळ्या चिकटवून रीतसर कौल लावावा. पाकळी उजवीकडची आधी पडली तर तळं व्हावं, डावीकडची पडली तर नको. जो कौल येईल, तो सगळ्यांना मान्य. तुमच्या सहीने कळवा. नितेश ते जिन्यात लावणार आहे.

ता. क. २. गुरवाला तुम्ही लहानपणापासून ओळखता. पाकळ्या पाण्याने चिकटवताना उजवीकडचीला जरा कमी पाणी लावायला त्याला सांगता येईल का? फार नको. थोडंसंच कमी. देवाला फसवायचं नाही, देवाला फक्त सोपं करून द्यायचं.

ता. क. ३. आता खरं सांगतो. मला माईक मिळायच्या आधीच वीज गेली होती. माईक बॅटरीवरचा होता म्हणून चालला, पडदा बंद होता. त्याच्यावर काही नव्हतं, दादा. मी काही वाचलं नाही. वरच्या मजल्यांवरून पाणी बघायला बरं दिसतं, आमच्याकडे ते दाराखालून आत येतं. पलंगाच्या पायांखाली विटा आहेत, त्या आम्ही आता पावसाळा संपला तरी काढत नाही. गेल्या वर्षी रात्रभर आम्ही दोघं पाय वर घेऊन बसलो होतो आणि गॅसची शेगडी माझ्या मांडीवर होती. नकोच म्हणायला गेलो होतो, शप्पथ. पण समोर काही लिहिलेलं नव्हतं, म्हणून मनात होतं ते आलं. शेवंती शेजारीच बसली होती, तिने पडदा पाहिलेला आहे. नितेशला ती काही बोललेली नाही. घरी आल्यावर वाकून विटा पुन्हा नीट लावल्या आणि मला एवढंच विचारलं, “देव आयकतलो मां?”

मी धाकटा, मला काय ठाऊक. दादा, तू सांग तिला.