तेरा संचालक, तेरा फ्रेम

१२ डिसेंबर १९९८, शनिवार
पुण्याहून एचटीएमएलचं पुस्तक आणलं. खरी किंमत: क्लासला एक दिवस सुट्टी, एसटीत पाच तास उभा, मफलर गाडीतच राहिला, आणि सौ.चा अबोला.
राहात्याच्या पेरू उत्पादक संघाला वेबसाइट हवीय. चेअरमन आबासाहेब शुक्रवारी दोन नमुने बघणार: माझा आणि दीपाचा. दीपा माझीच टायपिंगची विद्यार्थिनी. आता माझ्या क्लासला लागूनच तिचा कॉम्प्युटर क्लास. चांगलं आहे, मुलींनी पुढं यावं. फक्त शेजारी यायला नको होतं.
आजवर सगळं स्वतःच्या बळावर शिकलो. फ्रेम, म्हणजे वेबपानाचे कप्पे पाडणं, हेही या पुस्तकातूनच शिकणार.

१४ डिसेंबर, सकाळी ११
पुस्तक उघडणार, तोच प्लायवुडपलीकडे दीपा शिकवायला लागली. मी ऐकत नव्हतो. टेबल भिंतीला लावलं ते उजेडासाठी. म्हणाली, पानाचे टक्क्यांनी भाग पाडा. डावीकडे वीस, तिथं यादी, उजवीकडे ऐंशी, तिथं माल. दोनच फ्रेम! एवढ्यावर तिच्याकडे नऊ पोरं. माझ्याकडे चार. हेवा नाही, नोंद करतोय.

१५ डिसेंबर
टपरीवर पाठीमागं संघाचे एक संचालक, कारभारी, बोलत होते, "आबासायबाचाच फोटू मोठा, आन् आमी काय बांधावर बसायचं व्हय?" कान असे लागतात. तेरा संचालक, तेरा फ्रेम, सगळ्या सारख्या. हे दीपाला सुचणार नाही.

१७ डिसेंबर
तेरा उभ्या पट्ट्या तयार, प्रत्येकीत एका संचालकाचा फोटो. कडेच्या उरलेल्या जागेत संघाचं नाव. प्रत्येक पट्टीला स्वतःचा स्क्रोलबार. तेरा स्क्रोलबार! दीपाकडे फार तर एक. पुस्तक उशाशी आहे, आधार वाटतो.

१८ डिसेंबर
आबासाहेबांनी पाहिलं. त्यांच्या पट्टीत एक कान. "मास्तर, मी कुठंय?" म्हटलं, सरकवा, याल. सरकवल्यावर नाक आलं, कान गेला. कारभारी तरी खूश होतील वाटलं. म्हणाले, "समद्यांचे कानच हायेत. आन् पेरू?"
पेरूला जागा उरली नव्हती.
दीपाच्या पानावर डावीकडे पेरूच्या जातींची नावं. दाबलं की उजवीकडे पेरू बदलतो. आबासाहेबांनी आठ वेळा दाबलं. काम तिला. वर माझ्या पाया पडून म्हणते, "सर, तुमच्याकडूनच शिकले." खोटं नाही. पण सगळ्यांसमोर कशाला?

१९ डिसेंबर
दीपाचा निरोप: पुस्तक दोन दिवस मिळेल का? म्हटलं, मन मोठं करावं. द्यायच्या आधी चाळलं. फ्रेमच्या प्रकरणाची पानं छापखान्यातून आली तशी वरून जोडलेलीच आहेत. कापायची राहिली.