टाकीचा चढ आणि चौदा वर्षांची सायकल

१९ जानेवारी

उतरावं लागलं! चौथ्या वळणावर, पांढऱ्या दगडापाशी. मनगटावरचा पट्टा नाडी दाखवत होता — १४२. दगडावर बसून राहिलो. शंभराच्या खाली यायला सहा मिनिटं लागली.

टाकीची टेकडी म्हणजे काही मोठा डोंगर नव्हे. सव्वादोन किलोमीटर, सात वळणं, वर पाण्याची टाकी. हृदयाच्या ऑपरेशनआधी मी ती शीळ घालत चढायचो. आता डॉक्टरांनी तिचीच परीक्षा ठेवली आहे. 'न थांबता वर पोचायचं, नाडी एकशेतीसच्या आत. तीस मार्चला या, फील्डच्या कागदावर सही करतो. नाहीतर टेबल.' सव्वीस वर्षं मोजणी खात्यात डोंगर मोजले, आणि आता दुसऱ्यांनी केलेली मोजणी खुर्चीत बसून तपासायची! त्यापेक्षा घरी बसलेलं बरं.

'एकशेचाळीसच्या वर गेली तर लगेच फोन करा,' असंही ते म्हणाले होते. केला नाही. हिला तर मुळीच सांगितलं नाही. 'कुठवर गेलात?' म्हणाली. म्हटलं, बराच गेलो.

२० जानेवारी

दोष सायकलचा असणार. चौदा वर्षांची माउंटन बाइक, टायर घासून गुळगुळीत, गिअर मनाला येईल तेव्हा बदलतात. रात्रभर हाच हिशोब — माझं बिघडलंय की तिचं? तिचं असावं, अशी फार इच्छा आहे.

२२ जानेवारी

मेहुणा आला होता. सायकलभोवती एक फेरी मारली, पॅडल पायाने हलवलं, आणि निकाल दिला. 'भाऊजी, हिला नवे पार्ट लावणं म्हणजे पणजोबांना नवी कवळी बसवणं! सरळ नवी घ्या.' बोलायला काय जातं. पण ही फ्रेम माझ्या अंगाची झाली आहे. आणि खरं सांगायचं तर नवी घेतली आणि तीही चौथ्या वळणावर थांबली, तर मग दोष द्यायला काय उरणार?

ही भावावर उखडली. 'नवीबिवी काही नको. जुनी आहे तेवढी पुरे, हळू जाते ते बरंय.'

२५ जानेवारी

सायकल दुरुस्तीवाल्या स्पोककडे गेलो. चाकाच्या तारेसारखा किडकिडीत आहे म्हणून सगळे त्याला स्पोक म्हणतात, तोही ओ देतो. सायकल स्टँडला टांगून त्याने सगळे सांधे हलवून पाहिले. 'साहेब, फ्रेम झकास. बाकी हळूहळू बदलू. आधी टायर.' हीही बरोबर आली होती. हे कशाचं, ते कशाचं, ही तार कुठे जाते — स्पोकला प्रश्न विचारून भंडावून सोडलं. चौदा वर्षांत हिने या सायकलकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. चला, गोडी लागली तर बरंच.

२ फेब्रुवारी

नवे टायर! दुकानातून परस्पर टेकडीवर गेलो. पाचवं वळण ओलांडलं, नाडी १२८! उतरताना लहान मुलासारखा ओरडलो. रस्त्यावर एक बाई कुत्रा फिरवत होती, ती दचकली.

५ फेब्रुवारी

पुन्हा पांढरा दगड. १३९. मागून शू-शू असा आवाज येतो, नव्या टायरच्या खाचांचा असेल. ब्रेक मात्र उत्तम झालेत, बोट टेकलं की धरतात.

म्हणजे दोन तारखेचा सगळा उत्साहच होता. पहिल्या दिवशी मन ओढतं, मग हृदय खरं काय ते सांगतं.

६ फेब्रुवारी

गेलो नाही. पाऊस नाही, वारा नाही, काही कारण नाही. घाबरलो.

११ फेब्रुवारी

सायकल मागच्या बोळात असते. तीन पायऱ्या उतरवायला लागतात. छातीचं हाड जुळेपर्यंत वजन उचलू नका, असं डॉक्टर म्हणाले होते, तीन महिने. हिने त्याचे सहा करून टाकले. रोज सकाळी हीच सायकल पुसते, उतरवते, फाटकाला टेकवून ठेवते. मी फक्त बसायचं, राजासारखं. चाकाला हात लावला तरी आतून आवाज येतो, 'अहो, राहू द्या!'

पूर्वी मी निघण्याआधी सगळी सायकल तपासायचो, तार न् तार. आता हिच्यासमोर वाकलो तरी तिचा चेहरा उतरतो. म्हणून वाकत नाही.

१९ फेब्रुवारी

हिची कात्री. शिवणकामाची मोठी कात्री, एका पात्याचं टोक तुटलेलं. म्हटलं, नवी घे ना, कापड अडकतं त्यात. म्हणाली, 'तुमच्या सायकलला नावं ठेवली का मी? मग माझ्या कात्रीला ठेवू नका.' आणि मशीन जोरात चालू केलं.

टोक कशाने तुटलं ते दोघांनाही ठाऊक आहे. झटका आला त्या दिवशी मी बाथरूममध्ये पडलो, आतून कडी. घरात ही एकटी. त्या कात्रीने हिने दाराच्या फटीतून कडी उचकटली. अकरा मिनिटं लागली म्हणे. ती अकरा मिनिटं मला आठवत नाहीत. तिला आठवतात.

२८ फेब्रुवारी

गिअर बदलले. मागे मोठं चक्र, चढाला हलकं जावं म्हणून. स्पोकने सायकल हातात देताना विचारलं, 'साहेब, जपून चालवता ना हल्ली?' म्हटलं, तुला काय करायचंय? हसला.

दुकानातून थेट टेकडी. सहावं वळण! १२९! वर टाकीची शिडी दिसत होती. तिथे मुद्दाम थांबलो, अंगात होतं तरी. म्हटलं, राखून ठेवू.

३ मार्च

राखून ठेवलेलं कुठे गेलं? पाचव्या वळणाआधीच १४१. गिअर एकदम हलक्यावर, तरी पाय चिखलातून काढल्यासारखे. म्हणजे हे पार्ट बदलून निभणारं काम नाही.

घरी आल्यावर ही दारातच. 'दमलात?' नाही म्हटलं. तिने माझ्या मनगटाकडे पाहिलं. मी येतानाच पट्टा काढून खिशात टाकला होता.

१२ मार्च

मेहुण्याचा फोन. 'काय म्हणते पणजोबांची कवळी?' उत्तम चावते, म्हटलं. माझा आवाज ऐकून तो गडबडला, म्हणाला, 'भाऊजी, बरे आहात ना?'

१८ मार्च

चाकांचे बेअरिंगही बदलून घेतले. स्पोक म्हणाला होता, यानंतर काही उरत नाही. परवा दुकानातून गेलो तेव्हा लोण्यासारखी चालली, सहाव्या वळणाच्याही पुढे. आज घरून गेलो, चौथ्या वळणावर १४४.

सगळं नवं झालंय. जुना फक्त मी उरलोय. झोप येत नाही. हीही कूस बदलत असते, आणि आम्ही दोघंही झोपल्याचं सोंग घेतो.

२५ मार्च

१४९. तिसऱ्या वळणावर! डाव्या खांद्यात कळ आली. सायकल आडवी पडली, मी गवतात बसलो. फोन हातात घेतला, डॉक्टरांचा नंबर काढला, आणि लावला नाही. कळ गेली. सायकल पडली तेव्हाच खांद्याला मार बसला असणार, असं स्वतःला सांगितलं. पण कळ आधी आली की सायकल आधी पडली, ते आता आठवत नाही.

हिला काय सांगू? मी मेलो तर हिची दुसरी कात्री मोडेल, असलं काहीतरी डोक्यात येतंय. पुरे.

२६ मार्च

ठरलं. साहेबांना अर्ज लिहिला, टेबलाची जागा द्यावी. खाडाखोड न करता एका दमात लिहिला, याचंच जास्त वाईट वाटलं. तीस तारखेला डॉक्टरांना सगळे आकडे दाखवीन. सायकल स्पोकला देऊन टाकायची. पार्ट तरी कुणाला उपयोगी पडतील.

हिला सांगितलं. वाटलं, खूश होईल. 'बरं,' म्हणाली आणि आत गेली. बराच वेळ मशीनचा आवाज आला नाही.

२७ मार्च

आजचं सगळं क्रमाने लिहितो.

सायकल हाताने ढकलत स्पोककडे नेली. घेऊन टाक, म्हटलं. त्याने स्टँडला टांगली आणि मागचं चाक फिरवलं. एक फेरी. दीड. थांबलं! स्पोकने माझ्याकडे पाहिलं.

'साहेब, अशी चढावर नेता?'

मागचा ब्रेक चाकाला घासत होता. मुठीपाशी तार शिरते तिथे एक छोटी खाचांची फिरकी असते. ती बोटांनी फिरवली की ब्रेक जवळ येतात. ती चांगली दोन-तीन फेरे बाहेर काढलेली. स्पोकने ती आत केली, चाक पुन्हा फिरवलं. फिरतंच राहिलं. मी मोजलं नाही, पण तो आतून बिडी पेटवून आला तरी फिरत होतं.

'दर वेळी अशीच आवळलेली असते,' तो म्हणाला. 'मला वाटलं, ऑपरेशननंतर माणूस घाबरतो, कडक ब्रेक आवडत असतील तुम्हाला. कशाला बोलून लाजवायचं? गपचूप सैल करून द्यायचो.'

म्हणजे दोन महिने मी ब्रेक लावून टेकडी चढत होतो! म्हटलं, तूच करतोस! पार्ट खपवायला! रस्त्यावरची माणसं थांबली इतका ओरडलो. तो नुसता पाना पुसत राहिला. 'साहेब, ही फिरकी वापरात सैल पडेल एक वेळ, आपोआप आवळत नाही. आणि सायकल रात्री माझ्याकडे नसते.'

सायकल घेऊन तरातरा घरी आलो. दुकानातून निघालो की हलकी, घरून निघालो की जड. वहीत सगळं लिहिलेलं आहे, तारखांसकट! सव्वीस वर्षं मोजणी करणाऱ्याच्या हे ध्यानात येऊ नये?

पण मग घरी कोण?

२८ मार्च

पहाटे सहाला जाग आली. बाजूला ही नव्हती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मागचा बोळ दिसतो.

सायकल देऊन टाकायला नेलेली परत आणली, एवढंच तिने काल पाहिलं. आता ती सायकलपाशी उभी होती, हातात फडकं. फ्रेम पुसली. मूठ पुसली. मग दोन बोटांनी फिरकी धरून एक फेरा, अजून एक. मशीनवर दोऱ्याचा ताण ठेवते तशी, न बघता. मागचं चाक ढकलून पाहिलं. अडलं. मग सीटवर हात ठेवून थोडा वेळ तशीच उभी राहिली.

मी येऊन पुन्हा पांघरुणात शिरलो. आधी संताप आला. जाऊन खडसावावं — अगं, मी हळू जावं म्हणून ब्रेक आवळलास, पण ते ओझं माझ्या हृदयाने ओढलं! १४१, १४४, १४९! जपायला निघालीस आणि... पुढचं मनातही पुरं करवेना. हे कळलं तर ती स्वतःला जन्मात माफ करणार नाही. पुन्हा अकरा मिनिटं, आणि या वेळी दार तिनेच लावलेलं.

चहा घेऊन आली. 'जाणार आहात का आज?'

'आज नको. उद्या.'

'जपून जा हं,' म्हणाली. माझं ते हृदय, ब्रेक लावून चौथ्या वळणापर्यंत चढणारं, किती जोरात धडधडत होतं! मला तिचा हात धरावासा वाटला आणि मी धरला. 'काय झालं?' म्हणाली. काही नाही, म्हटलं.

२९ मार्च

हिने सायकल तीन पायऱ्या उतरवून दिली. लाँड्रीच्या कोपऱ्यावर वळलो, थांबलो, फिरकी दोन फेरे सैल केली. टाकीपर्यंत न थांबता गेलो. १२४. शिडीला हात लावून आलो.

उतरताना स्पोककडे थांबून माफी मागितली. 'सापडला का आवळणारा?' मीच तो, म्हटलं. खिशातला अर्ज फाडून त्याच्याच कचऱ्याच्या डब्यात टाकला.

मग लाँड्रीचा कोपरा. पुन्हा थांबलो, मोजून दोन फेरे आवळले. उद्या पहाटे तिने बोट लावलं की फिरकी तिने ठेवली तिथेच सापडायला हवी.