न उकरलेला सुरण

२ डिसेंबर २०२४

आले बाई एकदाची! सांगलीत दोन-तीन वर्षांआड कृष्णामाई घरात शिरायची आणि माझी भांडीकुंडी धुऊन जायची. गोमटेश म्हणाला, आई, आता उंचावर राहायचं. म्हणून हे मेढ्याजवळचं कौलारू घर, मागं विहीर आणि पाऊण एकराची बाग. रामफळ, शेवगा, दोन आंबे, फणस. हे असते तर पहिल्याच दिवशी फणसाखाली खुर्ची टाकून बसले असते.

तीस वर्षं शाळेत पोरांची अर्धी वाक्यं मी पुरी केली. कुणाचं बोलणं संपेपर्यंत थांबायची मला सवयच नाही. इथं झाडं बोलत नाहीत, तेव्हा भांडण व्हायचं कारण नाही.

५ डिसेंबर

धोंडुबाई आधीच्या मालकांपासून या बागेत राबते. आज तिनं विहिरीकडचा वाफा दाखवला. त्यात एकच सुरण आहे, पान वाळून आडवं पडलेलं. म्हणाली, याच महिन्यात उकरायचा, चिंच घालून शिजवायचा आणि घरातल्यांनी खायचा, दर वर्षी, न चुकता. "आवं बाई, आपुन त्याला न्हाई खाल्लं, तर त्ये आपल्याला खातंय."

मला हसूच आलं. तिला सांगितलं, आम्ही जैन. कंदमूळ खाणं सोड, आम्ही ते उकरतही नाही. एका कंदात अनंत जीव असतात. ती म्हणाली, बरं, पण उद्या त्याला कोंब आलाच तर एक ध्यानात ठेवा, तवा मातुर... मी तिला तिथंच तोडलं. कंद कसा करायचा हे ऐकूनही घ्यायचं नाही, ही सासूबाईंची शिकवण. चहा पाजून वाटेला लावली. राहू दे बिचाऱ्याला मातीत.

१८ मे २०२५

घर भरलं! गोमटेश, सूनबाई भाग्यश्री, आमची सात वर्षांची चंदना आणि समडोळीहून माझा भाऊ आदगोंडा. चंदनाचे पुढचे दोन्ही दात पडलेत, त्यामुळं करवंदं दाढांनी खाते आणि फ्रॉक जांभळा करते. दिवसभर अनवाणी. सगळ्या झाडांना नावं ठेवून झाली. आदगोंडाची कंबर धरलीय, उजवीकडं झुकूनच चालतो. मी म्हटलं, आण्णा, तुला शेवग्यासारखा टेकू लावू का? लय हसला.

दिवस मावळायच्या आत अंगणात पंगत बसली. मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

२७ मे

काल सगळे गेले. घर खायला उठलंय. बागेत गेले तर वाफ्यात कोंब फुटलेले. एकच कंद होता, कोंब मात्र चार. एक जाडजूड, उजवीकडं कललेला. दोन मधल्या उंचीचे, शेजारी-शेजारी. आणि एक करंगळीएवढा, अगदी विहिरीच्या कडेला, जिथं चंदना पाय सोडून बसायची.

चार पाहुणे, चार कोंब. शहाण्या बाईनं असं काही मनात आणू नये. कौतुकानं चौघांना पाणी घातलं.

११ जून

धोंडुबाई लेकीच्या बाळंतपणाला लोणंदला गेली. जाताना वाफ्याकडं बघून कपाळावर हात मारला, पाणी घालताय व्हय, म्हणाली. तेवढ्यात तिची एसटी आली. मी पाणी घालतेच आहे. पानं छत्रीएवढी झालीत.

१४ जुलै

सकाळी जाडा कोंब आडवा. कीड नाही, कूज नाही, हिरवागार असून बुडातून पडलेला.

अकरा वाजता समडोळीहून फोन आला. आदगोंडा सोप्यात चालता चालता पडला. उठलाच नाही. माझा एकुलता एक भाऊ होता तो.

३ ऑगस्ट

धोंडुबाईचा फोन लागत नाही. रोज करते. ती काय सांगणार होती? मी का नाही ऐकलं? मेलं माझं तोंड!

९ ऑगस्ट

धाकट्या कोंबाची पानं कडेनं पिवळी पडताहेत. फक्त त्याचीच.

संध्याकाळी गोमटेशचा फोन. चंदनाला सहा दिवस ताप, पायांत जोर नाही. सांगलीत दवाखान्यात ठेवलंय. डॉक्टरांना काही सापडत नाही. पोर सारखी विहीर, विहीर करतेय म्हणे.

१२ ऑगस्ट

आज देठ वाकला. तिला पाणीही गिळवत नाही.

आपण नाही खाल्लं तर ते खातं. एवढंच तर म्हणाली होती. मग खायचं. त्रेसष्ट वर्षांत कांदासुद्धा तोंडाला लावला नाही आणि हा चातुर्मास. पाप लागायचं ते मला लागू दे. नातीपुढं नियम कसला?

१३ ऑगस्ट, दुपार

णमोकार म्हटला. धाकट्या कोंबाखालचा कंद खुरप्यानं उकरला. माती कोमट होती. पोरीच्या डोक्याएवढा — वरच्या अंगाला शेजारी-शेजारी दोन खाचा. बघितलं नाही पुन्हा. सुरी चालवली. आत गुलाबी. करवंदांचा वास.

चिंच घातली. शिजवला.

एक फोड खाल्ली. घसा खाजला नाही. गोड लागली.

१३ ऑगस्ट, थोड्या वेळानं

धोंडुबाईचा फोन आला. या वेळी मधे बोलले नाही. सगळं ऐकलं.

कोंब यायच्या आधी उकरायचा. कोंब आल्यावर सुरी लावायची नाही — नुसतं पाणी तोडायचं, आपोआप सुकतो, माणूस सुटतं. कोंब आल्यावर तो सुरण नसतोय बाई, म्हणाली. ज्येचा कोंब, त्येचंच अंग —

मी पाणी घातलं. रोज. दोन वेळा.

गोमटेशचा फोन वाजतोय. थांबला. पुन्हा वाजतोय. ताटलीत तीन फोडी आहेत अजून — फोन उचलते, आधी एवढं लिहून — चंदना, बाळा, आजीनं तुला —