मामांच्या नावावरचं मत

३ मार्च
चि. भाच्यास अनेक उत्तम आशीर्वाद.
काल तुझ्या प्रोग्रॅमने कारखान्यात पहिला मोठा निकाल दिला. सहा महिने माझं डोकं खाऊन कपबशांच्या भट्ट्यांबद्दल तू जे जे विचारलंस, ते नियम करून संगणकात घातलंस. आता मालक पुढच्या वर्षाचं नियोजन त्यालाच विचारून करतात. तो म्हणतो, लहान भट्टी बंद करा. कारण विचारलं तर पडद्यावर आलं, मागणी तीन महिने घसरली की लहान भट्टी बंद करावी. खाली लिहिलेलं, मत मुख्य भट्टीवाल्यांचं. म्हणजे मीच.

हे बोलल्याचं मला काही केल्या आठवेना. पण लिहून घेणारा तू, तेव्हा बोललोच असणार. मी मान डोलावली. लहान भट्टीवरची अकरा माणसं माझ्याकडे बघत राहिली.

तुझी मामी म्हणते, हल्ली चष्मा डोक्यावर ठेवून घर पालथं घालता. महिनाअखेरीस राजीनामा देतोय. विसराळू माणसाने आगीपाशी उभं राहू नये. तू जिवाला लावून घेऊ नकोस. लोभ आहेच.
तुझा मामा

९ मार्च
ती. मामांस शि. सा. नमस्कार.
वि. वि. तुम्ही काही विसरला नाहीत. ते वाक्य माझं आहे.

शेवटचा एकच प्रश्न उरला होता आणि तुम्ही दाढ काढायला गेला होतात. दुसऱ्या दिवशी मालकांना प्रोग्रॅम दाखवायचा होता, आणि एक जागा जरी रिकामी राहिली तरी तो पुढे सरकत नव्हता. मामा हेच म्हणाले असते, असं धरून मी उत्तर भरलं. नंतर विचारून घेऊ म्हटलं. पण मालकांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली आणि मग विचारायची लाज वाटली. आता तर आरशात बघायची लाज वाटते.

राजीनामा देऊ नका. मालकांना लिहायला चारदा बसलो, हात चालत नाही. तुम्हीच त्यांना समजावून सांगाल का? मामींना नमस्कार. रागवा, पण माया पातळ करू नका.
तुमचा भाचा

१४ मार्च
चि. भाच्यास आशीर्वाद.
पत्र वाचून आधी हायसं वाटलं. डोकं ठिकाणावर आहे म्हणून मामीला हाक मारून सांगितलं. मग तुझा असा राग आला की जेवलो नाही.

संध्याकाळी मात्र स्वतःचीच लाज वाटू लागली. लहान भट्टीत आपण नमुने भाजतो. मंदीत नवं गिऱ्हाईक आणतात ते नमुनेच. तीस वर्षं मला हे ठाऊक आहे. पडद्यावरचं उत्तर चूक आहे हे दिसत होतं, तरी खाली माझं नाव बघून गप्प बसलो. म्हातारा बरळतो असं म्हणतील, ही भीती. तू एक उत्तर भरलंस, मी त्याला मान डोलावली.

सोमवारी सकाळी नऊला मी मालकांच्या खोलीत जाणार आहे. ती अकरा माणसंही येतील. माझी मान का डोलली ते मी सांगेन. तू आला नाहीस, तर तुझ्या वाटचं मी सांगणार नाही.

लोभ कमी झालेला नाही, म्हणून बोलावतोय.
तुझा मामा