रहीमू मावशीच्या हातची मेंदी

प्रिय आई,

तुझ्या दोन्ही हातांचे मुके. अब्बांचा खोकला थांबला का?

रहीमू मावशी माझ्याकडे मजेत आहे. कॅन्सरच्या औषधांनी केस गेले, जेवण जात नाही, पण जीभ शाबूत आहे.

आजारी बाईच्या हातची मेंदी नवरीला अशुभ, म्हणून तुझ्या धाकटीला, नुझाला, लग्नात दुसरी कुणीतरी लावेल, हा तुझा निरोप मी तिला सांगितला. ती हसली. "तुमच्या शेजारणींना त्यांच्या लग्नात मेंदी लावली तेव्हा मी धडधाकट होते. तरी त्यांचे नवरे कसले निघाले, बघ!"

मग थरथरत्या हाताने तिने माझ्या तळहातावर वेल काढली. वाकडी झाली. पुसून पुन्हा काढली.

आई, याहून शुभ हात कुठून आणणार आहेस? गुरुवारी मेंदीला मी तिला घेऊन येते. दार तूच उघड, आणि सगळ्यांदेखत नुझाचा हात तिच्या हातात दे.

तुझीच हट्टी,
बतूल