निर्माल्यातली कण्हेर

आकुर्डी. ऋषिपंचमी, १९७४. संध्याकाळ.

जे पान देवाला चालतं, ते शेळीला का चालू नये? आईने विचारलं, आणि बी.एस्सी. होऊनही मी एवढंच म्हटलं, "कण्हेर विषारी असते गं."

"देवाच्या अंगावर रात्रभर होती. आता कसलं विष राहतंय?"

निर्माल्य पायदळी येऊ नये म्हणून शेळीला घालायचं, ही आमच्या घरची रीत. कालच्या गणपतीच्या पत्रीत कण्हेर होतीच. टोपली अंगणात, आणि आमची गाभण ठकी दाव्याला ओढ देत तिकडेच तोंड करून उभी.

बाबा पहिली शिफ्ट करून आलेले. चहा पिता पिता म्हणाले, "दोन पानांनी काय हत्ती मरतो का?"

"हत्तीचं माहीत नाही, बाबा. शेळी मरते."

ते हसले. हसण्यासारखं काय होतं? माझा पदवीचा फोटो भिंतीवर हवा, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला हवा. माझं ऐकायला मात्र नको. की मलाच नीट सांगता येत नाही? आणि ठकी अजून टोपलीकडेच बघतेय.

शेवटी वाद सोडला. मागे भिंतीलगत खड्डा खणला, टोपली रिकामी केली, माती लोटली. कुणाचा पाय पडू नये म्हणून वर दगड रचले आणि नमस्कारही केला. मग उद्याच्या पूजेसाठी आईने ओल्या फडक्यात ठेवलेल्या पत्रीतली कण्हेर वेचली आणि तीही दगडांखाली पुरली. आईला अजून सांगितलेलं नाही.